एका खोलीतील पाच जण

मराठी भावगीताच्या परंपरेत गाणे हे क्वचितच एकट्याचे काम राहिले आहे. कवीने शब्द लिहावेत, संगीतकाराने त्यांना चाल लावावी, संगीत संयोजकाने, म्हणजे कोणत्या ओळीमागे कोणते वाद्य केव्हा आणि किती वाजेल हे ठरवणाऱ्या जाणकाराने, त्या चालीचा साज बांधावा, गायकाने किंवा गायिकेने ती गळ्यावर चढवावी आणि ध्वनिमुद्रकाने हे सारे फितीवर उतरवावे, अशी ही पाच जणांत वाटलेली कामगिरी होती, आणि एखाद्याने त्यांतल्या दोन भूमिका पेलल्या तरी उरलेल्यांसाठी समोर दुसरा माणूस असावाच लागे. पुणे आकाशवाणीवरून १९५५-५६ मध्ये आठवड्यामागून आठवडा प्रसारित झालेली ‘गीतरामायणा’ची ५६ गीते हे या वाटणीचे ठळक उदाहरण आहे, कारण ग. दि. माडगूळकरांचे शब्द आणि सुधीर फडके यांच्या चाली यांच्या पाठीशी अनेक गायक-गायिका, वादक आणि आकाशवाणीचे तंत्रज्ञ उभे होते. आज एक संगणक, एक मायक्रोफोन आणि एक हेडफोन एवढ्या सामग्रीवर नोकरी-संसार सांभाळणारा हौशी माणूस या पाचही जागांवर स्वतःच बसतो, आणि ही सोय पाहून प्रथमदर्शनी ते निखळ स्वातंत्र्यच वाटते. परंतु पाच जणांच्या कामात एक मोलाची गोष्ट न मागता मिळत असे, ती म्हणजे दुसऱ्याचा नकार. ही ओळ गळ्यावर बसत नाही, ही जागा शब्दाचा अर्थ झाकते, येथे वाद्य नको, हे गायन पुन्हा हवे, असे कोणीतरी कोणाला तरी सांगत असे, आणि गाणे त्या नकारांतून घडत जाई. घरच्या घरी गाणे रचून ध्वनिमुद्रित करण्याची विद्या ही मुख्यतः हा नकार स्वतःच्या ठायी निर्माण करण्याची विद्या आहे, असे या विषयाचा विचार करताना ठामपणे म्हणावेसे वाटते.

घरात गाणे जन्मणे ही गोष्ट महाराष्ट्राला मुळीच नवी नाही. जात्यावरची ओवी घरातच रचली गेली, पहाटेच्या दळणाबरोबर वाढली आणि तिची रचनाकार, गायिका व तालधारी बहुधा एकच स्त्री असे. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी उभ्या केलेल्या संग्रहात खेड्यापाड्यांतील अशा एक लाखाहून अधिक ओव्या नोंदल्या गेल्या आहेत, आणि त्या वाचताना किंवा ऐकताना घर हे गीतरचनेचे किती जुने आणि समृद्ध ठिकाण आहे याची साक्ष पटते. मात्र त्या रचनेतही जात्याच्या खुंट्याला दुसरा हात लावून समोर कोणीतरी बसलेली असे, ती ओळ उचलून धरी किंवा तिला आपली ओळ जोडी, आणि जी ओवी कोणीच उचलली नाही ती तेथेच विरून जाई. तेव्हा आजच्या हौशी रचनाकाराच्या बाबतीत घर हे नवे नाही, एकांत नवा आहे.

हा एकांत यंत्राने शक्य केला. अमेरिकन गिटारवादक लेस पॉल याने हॉलीवूडमधील आपल्या घराच्या गॅरेजमध्ये यंत्रसामग्री जुळवून १९४८ मध्ये ‘लव्हर’ हे ध्वनिमुद्रण प्रसिद्ध केले, त्यात गिटारचे आठ वेगवेगळे भाग त्याने एकट्याने वाजवले होते. आधी मुद्रित केलेली तबकडी लावायची, तिच्याबरोबर नवा भाग वाजवायचा आणि दोन्ही मिळून दुसऱ्या तबकडीवर उतरवायचे, अशी ती पद्धत असल्यामुळे एखाद्या थरात चूक झाली तर मागचे सारे थर पुन्हा रचावे लागत. पुढे १९७९ मध्ये जपानी टीॲक कंपनीने साध्या कॅसेटवर चार स्वतंत्र ट्रॅक, म्हणजे एकमेकांशेजारून धावणारे आवाजाचे चार वेगळे पट्टे, मुद्रित करणारे पोर्टास्टुडिओ हे यंत्र बाजारात आणले, आणि ब्रूस स्प्रिंगस्टीनने त्याच जातीच्या यंत्रावर न्यू जर्सीतील घरी केलेले कच्चे मुद्रणच १९८२ मध्ये ‘नेब्रास्का’ या नावाने प्रसिद्ध झाले, कारण वाद्यवृंदासह पुन्हा मुद्रित करून पाहिलेल्या गाण्यांत मूळ कॅसेटमधला भाव उतरेना. त्यानंतर हे काम संगणकावर गेले. ऑडॅसिटी, गॅरेजबँड, रीपर यांसारख्या प्रणालींना डिजिटल ऑडिओ वर्कस्टेशन असे नाव आहे आणि त्यांत ट्रॅकची संख्या जवळजवळ अमर्याद असते, शिवाय केलेली प्रत्येक गोष्ट एका कळीने रद्द करता येते. लेस पॉलच्या पद्धतीत प्रत्येक निर्णय अंतिम असल्याने तो घेण्यापूर्वी कान पणाला लावावा लागे, आजच्या पद्धतीत निर्णय कायमचा पुढे ढकलता येतो, आणि अर्धवट राहिलेल्या गाण्यांच्या फाइली हौशी माणसाच्या संगणकात साठत जातात त्याचे एक मोठे कारण ही पुढे ढकलण्याची मुभा आहे.

पहिली जागा गीतकाराची. येथे नवशिक्याची समजूत बहुधा अशी असते की मनातली भावना उत्कट असली की शब्द आपोआप येतील, आणि काही अंशी ते खरेही आहे, परंतु गाण्याच्या शब्दांना अर्थाखेरीज वजन असते आणि ते वजन मात्रांनी मोजले जाते. ऱ्हस्व अक्षराची एक मात्रा आणि दीर्घ अक्षराच्या दोन, हा मराठी पद्यरचनेतला मूळ हिशेब आहे. माधव जूलियन यांनी ‘छंदोरचना’ या ग्रंथात मात्रावृत्तांची जी मांडणी केली तिच्यात आठ मात्रांच्या आवर्तनाला पद्मावर्तनी आणि सहा मात्रांच्या आवर्तनाला भृंगावर्तनी म्हटले आहे. ही नावे विद्यार्थ्यांना परीक्षेपुरती वाटतात, परंतु सहा मात्रांचे आवर्तन म्हणजे दादरा ताल आणि आठ मात्रांचे म्हणजे केरवा हे लक्षात आले की छंदःशास्त्र आणि तबला एकाच गोष्टीविषयी बोलत आहेत हे उमगते, आणि हौशी गीतकाराला याहून उपयोगी ज्ञान दुसरे नसेल.

एक ओळ जवळून पाहू. एखाद्याला दादऱ्यातल्या गाण्याचा आरंभ संध्याकाळच्या उल्लेखाने करायचा आहे आणि त्याने बोलण्यात येते तसे ‘संध्याकाळ झाल्यावर’ असे लिहिले. ‘संध्याकाळ’च्या मात्रा सात होतात आणि ‘झाल्यावर’च्या सहा, त्यामुळे पहिल्याच आवर्तनात एक मात्रा सांडते आणि गाताना ‘ळ’ घाईने गिळावा लागतो. मग तो वजन सांभाळण्यासाठी ‘सांजवेळ दाटताच’ असे करतो. आता सहा आणि सहा असा हिशेब चोख जमतो, परंतु ही भाषा त्याची स्वतःची राहत नाही, जुन्या भावगीतांच्या शब्दकोशातून उसनी आणल्यासारखी वाटते, शिवाय ओळ ‘च’ या अक्षरावर संपते आणि त्या अक्षरावर सूर धरून ठेवता येत नाही. तिसरी शक्यता ‘सांज होत आली की’ अशी आहे. येथेही सहा आणि सहा मात्रा आहेत, वाक्य बोलीच्या जवळ आहे, शेवटच्या ‘की’वर दीर्घ ईकार असल्यामुळे सूर हवा तितका लांबवता येतो, आणि ‘आली’मधली ‘ली’ तिसऱ्या मात्रेवर सुरू होऊन चौथीवर रेंगाळत असल्यामुळे चालीला एक हलका हेलकावा मिळतो. पहिल्या ओळीला नकार तालाने दिला, दुसरीला कानाने आणि जिभेने दिला. हे तीनही नकार शेजारी संगीतकार बसलेला असता तर त्याने दिले असते, आणि एकट्याने काम करणाऱ्याने ओळ कागदावर पक्की करण्यापूर्वी मांडीवर ठेका धरून ती मोठ्याने म्हणून पाहणे हा त्याला सर्वांत सोपा पर्याय आहे.

मराठीत आणखी एक अडचण आहे, आणि ती स्वतःचे मुद्रण ऐकेपर्यंत कोणाच्या ध्यानात येत नाही. बोलताना आपण शब्दाच्या शेवटचा अकार टाकून देतो, ‘घर’, ‘मन’, ‘फूल’ हे शब्द व्यंजनान्त असल्याप्रमाणे उच्चारतो, परंतु गाताना त्या शेवटच्या अक्षरावर स्वर ठेवायचा झाला की तो अकार परत आणावा लागतो. नवशिका गायक तो परत आणताना नकळत त्याचा आकार करतो आणि ‘मन’ हे ‘मना’ होऊन जाते, म्हणजे ज्या ओळीत मनाविषयी काही सांगायचे होते तिच्यात मनाला हाक मारली जाते. यावर उपाय दोन आहेत, एकतर लांबण्याच्या जागी दीर्घ स्वराचे शब्द योजणे, नाहीतर चालीतली लांबण ‘म’वर घेऊन ‘न’ शेवटी हलकेच सोडणे. पहिला उपाय गीतकाराचा आणि दुसरा संगीतकाराचा आहे, आणि एकाच व्यक्तीने दोन्ही जागा घेतल्या असतील तर कोणी माघार घ्यायची याचा निवाडा तिलाच करावा लागतो. यशवंत देव यांनी ‘शब्दप्रधान गायकी’ या पुस्तकातून शब्दाच्या अर्थाला आणि उच्चाराला जपणाऱ्या गायनाचा जो आग्रह धरला, त्याचा धागा पकडला तर हा निवाडा बहुधा शब्दाच्या बाजूने लागावा.

काही रचनाकार आधी चाल गुणगुणतात आणि नंतर तिच्यावर शब्द बसवतात. चित्रपटसंगीतात ही रीत सर्रास आहे आणि तिला कमी लेखण्याचे कारण नाही, परंतु हौशी माणसाने आरंभीची काही गाणी तरी आधी शब्द लिहून करावीत, कारण शब्दांत दडलेली लय चाल सुचवते आणि त्यामुळे सवयीच्या स्वरावलींतून बाहेर पडण्याची वाट मिळते. रिकाम्या चालीवर शब्द भरताना हात आपोआप ओळखीच्या यमकांकडे जातो.

संगणकातील प्रणाली उघडली की बहुतेक वेळा समोर मिनिटाला १२० ठोके आणि चार-चार ठोक्यांचे समान खंड मांडून ठेवलेले असतात. ही मांडणी निमूटपणे स्वीकारली की गाणे त्या चौकटीत शिरते आणि रचनाकाराला वाटते की आपण मुक्तपणे रचले. दादऱ्यासाठी खंड सहाचा करावा लागतो, रूपकासाठी सातचा, आणि तेवढे केले तरी प्रणालीचा टक-टक वाजणारा ठोका, ज्याला क्लिक म्हणतात, फक्त समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, जोर देतो आणि बाकीच्या मात्रा सारख्याच वाजवतो. ठेक्यात तसे नसते. ‘धा धी ना’ आणि ‘धा ती ना’ या दोन अर्ध्यांत डग्ग्याचा घुमारा असणे आणि नसणे यांचा जो फरक आहे त्यावरून गायकाला आपण आवर्तनात कोठे आहोत हे न मोजता कळते. म्हणून क्लिकवर गाण्याऐवजी साधा तबल्याचा ठेका लावून गाणे मराठी गळ्याला अधिक मानवते. त्याहूनही चांगली रीत अशी की प्रथम केवळ तंबोऱ्यावर गाणे पूर्ण गाऊन मुद्रित करावे, त्या मुक्त गायनावरून स्वाभाविक लय किती होती हे पाहावे आणि मगच प्रणालीत तो वेग भरावा. गाण्याची लय गाण्यानेच ठरवावी, यंत्राच्या आरंभीच्या आकड्याने ठरवू नये.

स्वरांच्या बाबतीत हा प्रश्न अधिक नाजूक होतो. संगणकाला जोडलेल्या कीबोर्डवरून स्वरांची माहिती ‘मिडी’ या १९८३ मध्ये रूढ झालेल्या संकेतभाषेत जाते. कोणती पट्टी दाबली, किती जोराने दाबली आणि केव्हा सोडली हे ती आकड्यांत सांगते, जोराचे मोजमाप ० ते १२७ या आकड्यांत होते, आणि पट्ट्या बाराच असल्यामुळे सप्तकाचे बारा समान भाग गृहीत धरलेले असतात. तंबोऱ्याच्या तारेतून उमटणारा गांधार मात्र या समान वाटणीतल्या गांधारापेक्षा किंचित उतरलेला असतो. लगतच्या दोन पट्ट्यांमधील अंतराच्या शंभराव्या भागाला सेंट म्हणतात, त्या मापाने समान वाटणीतला शुद्ध गांधार षड्जापासून ४०० सेंटवर येतो आणि नैसर्गिक गांधार सुमारे ३८६ सेंटवर. चौदा सेंटचा हा फरक ऐकणाऱ्याला सांगता आला नाही तरी जाणवतो, आणि तंबोऱ्याबरोबर कीबोर्डचा गांधार लांब धरून ठेवला की तो किंचित थरथरल्यासारखा ऐकू येतो. ऑल इंडिया रेडिओने १९४० मध्ये हार्मोनियमला जो मज्जाव केला आणि जो पुढे सुमारे तीन दशके टिकला, त्यामागे या बांधलेल्या स्वरांवरचा आक्षेप हे एक प्रमुख कारण होते. तो निर्णय कलावंतांवर अन्याय करणारा होता, कारण हार्मोनियमवर मैफली तोलून धरणारे थोर वादक महाराष्ट्रात होते, तरी आक्षेपात तथ्य होते आणि तेच तथ्य आता कीबोर्डच्या रूपाने प्रत्येक हौशी खोलीत येऊन बसले आहे.

मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्या स्वरावर तुटू न देता घसरत जाणे, हीही कीबोर्डवर सहज निघत नाही. त्यासाठी कीबोर्डच्या कडेला एक फिरते चाक असते, परंतु ते साधारणपणे दोन पट्ट्यांच्या अंतरापुरतेच स्वर वळवते आणि त्यापेक्षा लांब मींड हवी असल्यास त्याची मर्यादा मुद्दाम वाढवून घ्यावी लागते. याच्या नेमके उलट काम करणारे ऑटोट्यून हे साधन १९९७ मध्ये आले. ते बनवणारे अँडी हिल्डेब्रँड पूर्वी तेलाच्या शोधासाठी भूगर्भातून परतणाऱ्या ध्वनिलहरींचे विश्लेषण करत असत, आणि त्याच प्रकारच्या गणिताने त्यांनी गळ्यातला स्वर ओळखून तो जवळच्या ठरीव स्वरावर आणून ठेवण्याची युक्ती साधली. हे साधन त्याच्या मूळच्या मांडणीत कडकपणे लावले तर ते नैसर्गिक गांधाराला वर ओढते, मींडेला पायऱ्या पाडते आणि आंदोलनाला, म्हणजे स्वराच्या संथ झुलण्याला, चूक समजते. हौशी गायकाला त्याचा मोह होतो तो समजण्यासारखा आहे, कारण स्वतःचा बेसूर स्वर हेडफोनमध्ये ऐकणे क्लेशकारक असते, पण तो क्लेश हाच येथे गायकाच्या जागेवरून येणारा नकार आहे आणि तो यंत्राकडून पुसून घेतला तर गळा शिकत नाही.

संगीत संयोजकाची जागा सर्वांत कमी ओळखली जाते. मुंबईच्या चित्रपटसंगीतात ही जागा ज्यांनी घडवली त्यांत गोव्याचे वादक अग्रणी होते. पोर्तुगीज काळातील चर्चच्या शाळांत पाश्चात्त्य स्वरलेखन शिकलेले हे कलावंत चाल ऐकून व्हायोलिन, ट्रम्पेट, चेलो यांचे वेगवेगळे भाग कागदावर लिहून देत. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस आणि शंकर-जयकिशन, ओ. पी. नय्यर यांच्यासाठी काम केलेले सेबॅस्टियन डिसूझा यांची नावे या संदर्भात आदराने घेतली जातात, आणि मराठीत अनिल मोहिले यांनी संयोजक म्हणून केलेले काम जाणकारांना ठाऊक आहे. त्यांच्या कामाचे मर्म वाद्ये वाढवण्यात नव्हते. गायिका श्वास घेते त्या फटीत बासरीचा तुकडा टाकावा, ओळ चालू असताना व्हायोलिन एका लांब स्वरावर स्थिर ठेवावीत, आणि ध्रुवपद, म्हणजे प्रत्येक कडव्यानंतर परत येणारी ओळ, तिसऱ्यांदा येते तेव्हा पहिल्यापेक्षा काहीतरी नवे ऐकू यावे, असा तो विचार होता. संगणकात वाद्यांचे शेकडो नमुने हाताशी असतात आणि एकेक जोडत गेल्यावर गाणे भरघोस झाल्याचा भास होतो, परंतु गळा आणि वाद्ये एकाच सप्तकात एकाच वेळी बोलू लागली की शब्द बुडतात. एखादे वाद्य बंद करून पाहावे आणि त्याची उणीव भासली नाही तर ते काढून टाकावे, ही कसोटी निर्दय वाटली तरी तिच्याशिवाय संयोजन शिकता येत नाही. कॉर्ड, म्हणजे एकाच वेळी वाजवलेला तीन-चार स्वरांचा समूह, हाही असाच जपून वापरण्याचा विषय आहे. यमन रागाच्या अंगाने जाणाऱ्या चालीखाली लोकप्रिय गाण्यांतला चार कॉर्डचा ठरीव फेरा घातला की कान षड्ज सोडून भलत्याच स्वराला घर मानू लागतो आणि तीव्र मध्यमाची ओढ नाहीशी होते. अशा ठिकाणी नुसता षड्ज-पंचम धरून ठेवणे अनेकदा पुरते.

ध्वनिमुद्रणाच्या जागी बसल्यावर हौशी माणूस प्रथम यंत्रांची चौकशी करतो, आणि त्याबाबत फार लिहिण्याची आवश्यकता नाही, कारण साध्या डायनॅमिक मायक्रोफोनवर चांगले काम होते. कंडेन्सर मायक्रोफोन, ज्याला चालण्यासाठी बाहेरून ४८ व्होल्टचा दाब पुरवावा लागतो, तो अधिक बारकावे टिपतो आणि त्याबरोबर पंख्याची घरघर व शेजारच्या कुकरची शिट्टीही तितक्याच निष्ठेने टिपतो. खरे महत्त्व खोलीला आहे. बारा फूट लांब आणि दहा फूट रुंद खोलीत समोरासमोरच्या भिंतींमध्ये अनुक्रमे सुमारे ४७ आणि ५६ हर्ट्झचे नाद अडकून घुमतात, हे नाद बास गिटारच्या खालच्या दोन तारांच्या टापूत पडतात, आणि म्हणून त्या खोलीत बसून खर्ज ऐकणाऱ्याला काही स्वर फुगलेले तर काही गायब झालेले वाटतात. भिंतीला गादी किंवा गोधडी लावल्याने हे घुमणे थांबत नाही, कारण १०० हर्ट्झच्या नादाची लहरलांबी जवळजवळ साडेतीन मीटर असते आणि काही सेंटिमीटर जाडीचे कापड एवढ्या लांब लहरीला अडवू शकत नाही. ते वरच्या पट्टीतला खणखणाट तेवढा शोषून घेते, आणि गळ्याच्या मुद्रणासाठी तेवढेही पुष्कळ असते. कपड्यांनी भरलेले कपाट उघडून त्याच्याकडे पाठ करून गायल्यास मायक्रोफोनला कपड्यांची शांतता ऐकू येते.

मायक्रोफोनसमोर मराठी वर्णमाला नव्याने कळते. ‘भ’, ‘फ’, ‘ख’, ‘घ’ या महाप्राण वर्णांबरोबर सुटणारा हवेचा झोत मायक्रोफोनच्या पडद्यावर आदळून धप्प असा आवाज उमटतो, त्यासाठी मध्ये जाळी धरावी लागते आणि भरतकामाच्या रिंगणावर ताणून बसवलेला नायलॉनचा पायमोजाही ते काम करतो. ‘चंद्र’मधला तालव्य ‘च’ आणि ‘चाक’मधला दातांजवळून येणारा ‘च’ यांतला भेद येथे स्पष्ट होतो, कारण दुसऱ्यात घर्षणाची धार अधिक असते, आणि ‘स’च्या बरोबरीने ती साधारण ५ ते ८ हजार हर्ट्झच्या पट्ट्यात टोचते. हे सारे नंतर साधनांनी दाबता येते, पण मायक्रोफोन ओठांच्या रेषेतून किंचित बाजूला सरकवणे हा त्याहून चांगला उपाय आहे. गाताना स्वतःचा आवाज हेडफोनमध्ये उशिराने येणे ही आणखी एक अडचण असते. संगणक आवाजाचे नमुने, म्हणजे क्षणाक्षणाला घेतलेली त्याची मोजमापे, गठ्ठ्यांनी हाताळतो, सेकंदाला ४४,१०० नमुने असतील तर १,०२४ नमुन्यांच्या एका गठ्ठ्याला सुमारे २३ मिलिसेकंद लागतात, म्हणजे जणू आवाज आठ मीटरवरून चालत आला. एवढ्या अंतरावर लय डळमळते, म्हणून मुद्रण करताना गठ्ठा २५६ नमुन्यांपर्यंत लहान करावा आणि मिश्रण करताना तो पुन्हा मोठा करावा.

मिश्रण म्हणजे सर्व ट्रॅकची पातळी, दिशा आणि पोत यांचा मेळ घालणे. हार्वी फ्लेचर आणि विल्डन मन्सन यांनी १९३३ मध्ये दाखवून दिले की कमी पातळीवर मानवी कानाला खर्जाचे नाद प्रत्यक्षापेक्षा दुबळे ऐकू येतात, त्यामुळे फार मोठ्या आवाजात केलेले मिश्रण घरच्या साध्या पातळीवर पोकळ वाटते. यावरून दोन सवयी निघतात, हळू आवाजात काम करणे आणि पूर्ण झालेले मिश्रण मोबाइलच्या लहान स्पीकरवर, गाडीत व दुसऱ्या खोलीतून ऐकणे. दाराआडून ऐकताना शब्द कळत असतील तर मिश्रण मार्गी लागले आहे असे समजावे. रात्री उशिरापर्यंत काम करून थकलेला कान काहीही मान्य करतो, त्यामुळे शेवटचा निर्णय दुसऱ्या दिवशी ताज्या कानाने घेणे हे येथे शिस्तीचे पहिले कलम आहे, आणि एकाच व्यक्तीला दोन वेगळ्या व्यक्ती बनवण्याचा तो सर्वांत स्वस्त मार्गही आहे.

या पाचांपैकी काही जागा कायद्यानेही वेगळ्या ठेवल्या आहेत. भारताचा १९५७चा स्वामित्वहक्क कायदा गीताचे शब्द ही एक कृती, चाल ही दुसरी आणि ध्वनिमुद्रण ही तिसरी कृती मानतो, आणि २०१२ मधील दुरुस्तीने गीतकार व संगीतकार यांच्या मानधनातील वाट्याला विशेष संरक्षण दिले. ज्याने सर्व काही एकट्याने केले त्याचे हे तीनही हक्क एकाच नावावर जमा होतात, परंतु मित्राची कविता किंवा जुने भावगीत घेऊन घरी केलेले मुद्रण जाहीर करायचे असेल तर ज्यांच्या जागा आपल्या नाहीत त्यांची परवानगी घ्यावी लागते.

एकांताला मर्यादा घालण्याचा खरा उपाय अखेर माणसेच पुरवतात. सांगलीत राहणारा तबलावादक, नागपूरची गायिका आणि न्यू जर्सीत स्थायिक झालेला बासरीवादक यांना एकाच गाण्यावर काम करता येते, अट एवढीच की प्रत्येकाने आपला ट्रॅक गाण्याच्या अगदी शून्य क्षणापासून सुरू करून पाठवावा, म्हणजे जोडताना तो लयीत आपोआप बसतो. अशा वेळी तबलावादकाकडून परत आलेल्या ट्रॅकमध्ये दुसऱ्या अंतऱ्याच्या तिसऱ्या ओळीवर त्याने ठेका सोडून दिलेला आढळतो, कारण तेथे त्याला शब्द एकटे ऐकू यावेत असे वाटलेले असते. आता ती ओळ उघडी पडते, तिच्यातला वजनासाठी घातलेला एक भरीचा शब्द स्पष्ट ऐकू येतो, आणि रचनाकाराला गीतकाराच्या जागेवर परत जाऊन त्या सहा मात्रांत दुसरे काय बसेल याचा शोध पुन्हा घ्यावा लागतो.